‘दुखायचं थांबलं’: खालच्या एका दाढेची अठरा महिन्यांची नोंद

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी ही बाई. वय 38. घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. ऑक्टोबरात तिने एक सवय लावून घेतली होती. मशीनच्या पायाशी फ्रीजमधल्या पाण्याची बाटली ठेवायची, दर पाच-दहा मिनिटांनी घोट घ्यायचा, तो डाव्या गालात धरून ठेवायचा आणि कोमट झाला की गिळायचा. शेजारच्या मशीनवालीला वाटलं, हिला पित्ताचा त्रास असावा.

मी दातांची डॉक्टर. हे तिने मला सांगितलं डिसेंबरात, गाल सुजवून आली तेव्हा. बाटलीची गोष्ट ऐकली आणि एक्सरे काढायच्या आधीच ऑक्टोबरात त्या दाढेत काय झालं असेल हे मला बऱ्यापैकी कळलं. (हे सगळं तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दाताच्या आत मधोमध एक पोकळी असते आणि तिच्यात मऊ गर असतो. लोक त्याला नस म्हणतात, पण ती एकटी नस नसते, रक्तवाहिन्याही असतात. शरीरात दुसरीकडे कुठे सूज आली तर फुगायला जागा असते. दाताच्या आत चारही बाजूंनी टणक भिंत. सुजलेल्या गराला पसरायला जागाच मिळत नाही, दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त छळते. सुरुवातीला गारव्याने कळ येते. पुढे गर मरणाच्या पंथाला लागला की उलटं होतं: गरम चहाने जीव जातो आणि गार पाण्याने बरं वाटतं. गार पाण्याची बाटली बाळगणारा पेशंट आला की समजावं, आतला गर आता वाचत नाही.

तिने पाणी सोडून बाकीचेही उपाय केले होते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, लवंग धरली. सासूबाईंनी मिश्री दाबून ठेवायला सांगितली, त्याने थोडं बधिरल्यासारखं वाटायचं. विडी वळणाऱ्या घरांतून मिश्रीचा हा दवाखाना अजून चालू आहे. एका शेजारणीने चुना लावायचा सल्ला दिला होता, तो तिने ऐकला नाही, बरं झालं. चुन्याने हिरडी भाजते.

मग दहाएक दिवसांनी एका सकाळी ती उठली आणि ठणका गेला होता. चहा प्यायली, काही झालं नाही. “म्याडम, दुखायचं थांबलं. मला वाटलं, बरी झाली दाढ.”

दाढ बरी झाली नव्हती, गर मेला होता. नस मेल्यावर ओरडणार कोण? पुढचे सहा आठवडे त्या मेलेल्या गरावर जंतू वाढत राहिले आणि मुळांच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरले. तिथे पू झाला, गाल सुजला आणि ती आमच्याकडे आली.

पहिली बैठक, डिसेंबर

खुर्चीत बसल्या बसल्या तिचं पहिलं वाक्य: “काढून टाका एकदाची. लई दुखायलंय.” सोबत नवरा होता, यंत्रमागावर जॉबर. त्यालाही तेच हवं होतं. काढायला एक खाडा पुरतो, रूट कॅनालला (दाढ ठेवून आतला गर काढायचा, मुळांतल्या नळ्या साफ करून भरायच्या) तीन-चार. हा हिशोब मला चुकीचा वाटत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला खाड्याचा हिशोब करावाच लागतो.

आधी सूज पाहिली. गालाच्या बाजूला हिरडीत होती. तोंड नीट उघडत होतं, जीभ वर उचललेली नव्हती, गिळताना त्रास नव्हता, ताप नव्हता. हे चार प्रश्न मी दर सुजेला विचारते. सूज जिभेखाली आणि हनुवटीखाली उतरली, गिळवेना, श्वास जड झाला, तर त्या पेशंटने माझ्याकडे थांबायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तिथे दातापेक्षा जीव मोठा असतो. रक्तातली साखरही तपासली, ती ठीक निघाली.

दोषी दाढ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. ही साधारण सहाव्या वर्षी येते, दुधाचे दात अजून तोंडात असताना. म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते आणि किडली तरी ‘पडेल की’ म्हणून सोडून देतात. कायमच्या दातांत सगळ्यात आधी येणाऱ्या या दाढेला कीडही सगळ्यात आधी लागते. हिच्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती आणि तिच्या कडेने पुन्हा कीड आत शिरली होती. गारव्याची चाचणी केली: शेजारचे दात लगेच बोलले, ही गप्प. आरशाच्या दांड्याने हलकं ठोकलं तर कळवळली. एक्सरेत पुढच्या मुळाच्या टोकाशी काळसर सावली होती, म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं.

पण मुळं धड होती, दाढ हलत नव्हती, हिरडीच्या वर भिंती उभ्या होत्या. काढली असती तर पुढची मागची तिकडे कलली असती, वरची खाली उतरली असती आणि डाव्या बाजूने चावणं संपलं असतं. मग नकली दातासाठी ब्रिज किंवा इम्प्लांट, त्याचा खर्च रूट कॅनालहून जास्त. हे मी सांगितलं. नवरा ऐकत होता, पटलं होतं असं नाही. पटलं ते एका प्रश्नावर. मी विचारलं, “कडक भाकरी कुठल्या बाजूने खाता?” ती म्हणाली, “डावीकडनं.” सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडायची कल्पना कुणाला सहज पचत नाही. “करा मग,” ती म्हणाली.

भूल दिली. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला देतात, नस हाडात शिरते तिथे, त्यामुळे अर्धा ओठ जड होतो. मग रबर डॅम: दाढेवर ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त तेवढीच दाढ वर दिसते. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने 1864 मध्ये ही युक्ती काढली. थुंकीतले जंतू आत जात नाहीत, आतलं औषध घशात जात नाही आणि बारीक सुई निसटली तरी गिळली जात नाही. दीडशे वर्षं उलटून गेली तरी याला पर्याय निघालेला नाही. पडदा न लावता रूट कॅनाल करणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही.

चांदी आणि कीड काढून दाढेचं छत उघडलं आणि पू बाहेर आला. दोन मिनिटं नुसता वाहू दिला. तिचा चेहरा सैल पडला. ही सुटका गोळीने होत नाही, दाब उतरण्याने होते.

आत तीन तोंडं सापडली. या दाढेत बहुतेक वेळा तीन नळ्या असतात: पुढच्या मुळात दोन, मागच्यात एक. पण मागचं तोंड मधोमध नव्हतं, गालाकडे सरकलेलं होतं. असं दिसलं की दुसऱ्या बाजूला, जिभेकडे, चौथं असण्याचा संशय घ्यायचा असतो. मी घेतला, शोधलं, मिळालं नाही. सुजलेलं तोंड, दमलेली बाई, बाहेर वाट बघणारे चार पेशंट. कार्डावर लिहिलं: ‘चौथी नळी? पुढच्या वेळी.’ सापडलेल्या तिन्ही धुतल्या, त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. गंमत म्हणजे हे औषध आणि पानाला लावतात तो चुना, रसायन एकच. फरक शुद्धतेचा, आणि कुठे लावायचं याचा. त्याच्या तीव्र अल्कलीत बहुतेक जंतू टिकत नाहीत.

नवऱ्याने जाताना विचारलं, “अँटिबायोटिक?” नाही म्हटलं. मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारी गोळी तिथे कशी पोचणार? ताप नाही, सूज पसरत नाही, पू बाहेर काढलाय. दुखलं तर वेदनाशामक पुरे. तो नाराज होऊन गेला. गोळी लिहून न देणारा डॉक्टर आपल्याकडे अर्धा डॉक्टर.

आणि जाताना मी तिला म्हटलं, “पंधरा दिवसांनी या.” एवढंच. या प्रकरणातली माझी चूक ही. चौथ्या नळीची नव्हे, ती दुसऱ्या बैठकीत शोधणं चालतं. ऑक्टोबरात दुखायचं थांबलं आणि ती फसली, हे तिच्याच तोंडून ऐकून तासही झाला नव्हता. तरी मी तिला सांगितलं नाही की आता परत दुखायचं थांबेल, आणि परत ते खरं नसेल.

मधले सात आठवडे

ती आली नाही. सूज दोन दिवसांत उतरली, पाचव्या दिवशी ती कामावर. आम्ही फोन केला तर म्हणाली, “आता कायच दुखत नाही, गड्डा झाल्यावर येते.” संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, मग होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा, पोरांना पाळण्यात बसवायचं, पाहुणे. सोलापुरात जानेवारीत दाताची अपॉइंटमेंट कोण पाळतं? आम्ही दवाखान्यात यावर हसतो, पण त्या काळात आमचं तात्पुरतं सिमेंट कितीजणांच्या तोंडात झिजत असतं हे आठवलं की हसू जातं.

याच काळात दिराने तिला मोबाईलवर एक मेसेज पाठवला: रूट कॅनाल केलेल्या दाताने कॅन्सर होतो. या मेसेजचं मूळ बरंच जुनं आहे. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलमधल्या भाषणात तोंडातल्या जंतूंवर, आणि खराब दातांवर चढवलेल्या सोन्याच्या कामावर, झोड उठवली. पुढे वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने सशांवर प्रयोग करून नस काढलेले दात अनेक रोगांना कारण ठरवले. दोन-तीन दशकं धडधाकट दातही उपटले गेले, आणि रोग होते तिथेच राहिले. प्राइसच्या प्रयोगांतले दोष नंतर उघडे पडले, पण मेसेजला त्याचं काय? 1965 मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेलं काम मला यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. त्यांनी उंदरांच्या दाढांचा गर उघडा केला. साध्या उंदरांत तो सडला. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत त्याच जखमेवर शरीराने स्वतःच पूल बांधून ती झाकली. म्हणजे दोष दाताचा नाही, जंतूंचा. जंतू काढा आणि परत शिरू देऊ नका. आमचा अख्खा धंदा या दोन वाक्यांत बसतो.

फेब्रुवारी

“म्याडम, दुखत तर कायच नाही, पण जिभेला लागायलंय.”

तात्पुरतं सिमेंट केव्हाच निघून गेलं होतं. जिभेकडच्या भिंतीचा तुकडा कडक भाकरीवर उडाला होता आणि त्याची धार जीभ कापत होती. शिवाय रोज सकाळी तोंडाला खारट चव. हिरडीवर, मागच्या मुळाच्या समोर, मोहरीएवढी पुळी. दाबली की पू. पुवाला बाहेर यायला वाट मिळाली होती, म्हणून ठणका नव्हता. तिसऱ्यांदा तेच: आत सगळं चालू, वर शांतता.

पुळीच्या तोंडातून गटापर्चाची (रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी आत सरकवली आणि एक्सरे काढला. काडी कुठे जाते ते चित्रात दिसतं. ती गेली मागच्या मुळाच्या टोकाशी. डिसेंबरात सावली पुढच्या मुळाशी होती, आता मागेही. ट्यूब जरा तिरकी धरून दुसरा एक्सरे घेतला तेव्हा मागच्या मुळात दोन रेघा वेगळ्या दिसल्या. चौथी नळी होती. तिच्यात औषध गेलंच नव्हतं, आणि उघड्या छतातून कितीतरी दिवस आमटीभाकरी जात होती.

आता खरा प्रश्न वेगळा होता. आतून दाढ स्वच्छ करता येईल, पण वर कॅप धरायला काही उरलंय का? कॅपने हिरडीच्या वर निदान दीड-दोन मिलिमीटर खऱ्या दाताला चहूबाजूंनी कवेत घ्यावं लागतं. नुसत्या भरलेल्या सिमेंटवर बसवली तर वर्षा-दोन वर्षांत सिमेंटसकट हातात येते. तिच्या तीन बाजू चांगल्या होत्या, चौथी हिरडीला टेकलेली. मी दहा मिनिटं नुसती मापं घेत बसले. असा दात वाचवायचा हट्ट धरू नये अशीही वेळ असते, आणि ते पेशंटला पैसे घेण्याआधी सांगावं लागतं. इथे हिरडी थोडी खाली घेऊन पुरेसा दात मिळत होता, हाडाला हात न लावता. मी तिला सांगितलं: टिकेल असं वाटतं, हमी देत नाही. या वेळी तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. “करा,” म्हणाली.

आधी पडलेली भिंत कॉम्पोझिटने, म्हणजे दातात भरायच्या पक्क्या मसाल्याने, उभी केली, नाहीतर रबर डॅमची क्लिप धरणार कशाला, आणि आत धुण्याचं पाणी साठणार कसं? मग भिंगाचा चष्मा, दिवा, आणि पोकळीच्या तळावर जिभेकडे जाणारी फिकट रेघ अल्ट्रासॉनिकच्या टोकाने हलकी हलकी खरवडत गेले. वीस मिनिटांनी दहा नंबरची फाईल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, एका ठिकाणी अडकली. आमच्या कामात त्या अडकण्याइतका आनंद दुसरा नाही.

नळी किती लांब हे ॲपेक्स लोकेटर नावाचं यंत्र सांगतं. फाईलचं टोक मुळाच्या टोकाशी पोचलं की विजेचा अडथळा ठरावीक पातळीवर येतो. 1962 मध्ये जपानच्या सुनादा यांनी दाखवून दिलेलं हे तत्त्व. पुढच्या दोन नळ्या साडेवीस मिलिमीटर, मागच्या साडेएकोणीस. मग निकेल-टायटॅनियमच्या फिरत्या फाईल. पूर्वीच्या स्टीलच्या फाईल वाकड्या मुळात सरळ जाऊ बघायच्या आणि भिंत फोडायच्या. दात सरळ करायला वापरतात ती लवचिक तार घेऊन 1988 मध्ये पहिल्यांदा अशा फाईल घडवून पाहिल्या गेल्या, आणि वाकडं मूळ ही पूर्वीसारखी धास्ती राहिली नाही.

पण यंत्राचं कौतुक जरा बेतानं करावं. फाईल नळीच्या सगळ्या भिंतीला कधीच लागत नाही, कोपरे, खाचा, दोन नळ्यांना जोडणाऱ्या फटी राहतातच. फाईल रस्ता करते, काम पाणी करतं. हे पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच, पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला सौम्य करून वापरलेलं. ते जंतू मारतं आणि मेलेला गर विरघळवतं. पुन्हा पुन्हा बदलायचं, हलवायचं, घाई करायची नाही. मग ईडीटीए नावाचं रसायन, भिंतीवरचा भुशाचा थर काढायला. त्या दिवशी धुण्यातच अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. तिला झोप लागली होती.

पुन्हा चुना भरला, वर या वेळी पक्कं सिमेंट. आणि दारापर्यंत जाऊन सांगितलं: “उद्यापासून तुम्हाला काही वाटणार नाही. पुळीही बसेल. तरी बारा दिवसांनी यायचं. थांबलं म्हणजे झालं असं नाही.” सोबतच्या सासूबाईंना कळावं म्हणून मोडक्या तेलुगूत ‘पन्नु नोप्पी’वर (दातदुखीवर) एक वाक्यही जोडलं. दोघी हसल्या. व्याकरण चुकलं असणार.

ती बाराव्या दिवशी आली. पुळीची जागा सपाट, गुलाबी. चारही नळ्या कोरड्या. गटापर्चा आणि फटी बुजवणारं बायोसिरॅमिक सीलर भरून काम संपवलं. गटापर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांच्या केबलला याचंच आवरण असायचं.

कॅप

“आता दुखत नाही, भरून पण झालं. कॅप कशाला?”

नस काढलेला दात वाळतो आणि ठिसूळ होतो असं सर्रास सांगतात. ते फारसं खरं नाही. दात कमजोर होतो तो मधला भाग गेल्याने. तिला मी माळवदाचं घर आठवायला सांगितलं, तिच्या आजोळी आहे. माळवद उतरवलं आणि पांढऱ्या मातीच्या भिंती तशाच उघड्या ठेवल्या तर पहिल्या मोठ्या पावसात काय होतं? दाढेच्या भिंतींवर पाऊस नाही, रोज चावण्याचा भार पडतो. एखादी उभी चीर मुळात गेली की मग दाढ काढण्यावाचून इलाज नाही, आत कितीही सुंदर काम केलेलं असो.

हिरडी खाली घेतली, आणि ती भरून आल्यावर एप्रिलमध्ये कॅप बसवली, पूर्ण धातूची. पांढऱ्या झिर्कोनियाचा आग्रह मी धरला नाही. धातूला दात कमी घासावा लागतो, आणि तिच्याकडे घासायला फार उरलं नव्हतंच. “मागची दाढ कोण बघतंय,” ती म्हणाली. पैसे तिने तीन पगारांत दिले.

कॅपनंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबरच्या एक्सरेत मागच्या मुळाची सावली जवळजवळ गेलेली, पुढच्याची निम्म्यावर. हाड भरायला वेळ लागतो, कधी वर्ष, कधी त्याहून बरंच जास्त, आणि ते भरत असताना काही जाणवत नाही. या एप्रिलमध्ये पुढच्या मुळाशीही हाडाची जाळी परत दिसू लागली आहे. टोकाशी केसाएवढी काळी रेघ बाकी आहे, ती पुढच्या वर्षी पुन्हा पाहायची.

तिने दोन्ही एक्सरे शेजारी शेजारी लावून मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “दिराला पाठवते.”